पोटरीलाही कळतं

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ऐरोलीला ब्रेक मारते. दांडी न धरता, गाडीच्या दिशेला तोंड करून उभा असलेला माणूस पुढे झुकतो आणि पडायच्या आत सावरतो. ही सावरासावर सुरू होते पोटरीत.

पोटरीत दोन मोठे स्नायू. चालताना फुगलेला दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, त्याच्याखाली चपटा सोलियस. दोन्ही मिळून टाचेमागच्या जाड अकिलीस कंडरेत उतरतात. उभं असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढून खाली येतो, म्हणजे आपण सतत पुढे कलंडायच्या बेतात असतो. सोलियस मागून ओढून धरतो. त्यात हळू आकुंचन पावणारे, सहसा न दमणारे तंतू बहुसंख्य असतात, म्हणून तासभर उभं राहणं जमतं.

शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात, त्यांत स्नायू नसतो. ही उणीव मोठी आहे. स्नायूच्या तंतूंमध्ये काही मिलिमीटर लांबीची, मध्ये जाड आणि टोकांना निमुळती संवेदकं असतात, ती म्हणजे मसल स्पिंडल. स्नायू किती ताणला आणि किती वेगानं, हे ती मज्जारज्जूला कळवतात. ब्रेक लागून पोटरी ताणली, की मेंदूला विचारण्याआधीच आकुंचनाचा निरोप परत येतो. हा पहिला झटका ४० ते ५० मिलिसेकंदांत. तेवढ्यानं भागत नाही. खरा जोर साधारण १०० मिलिसेकंदांनी येतो, त्यात मेंदूचीही भर असते. गाडी सुटताना शरीर मागे जातं, तेव्हा नडगीपुढचा टिबियालिस अँटिरियर हेच काम करतो.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीतल्याच द्रव्याचे, सूक्ष्म स्फटिक असतात. वेग बदलला की ते मागे रेंगाळतात आणि खालच्या संवेदक पेशींचे केस वाकतात. वेग स्थिर असेल तर कानाला गाडी चालल्याचं कळतच नाही. गर्दीत डोळ्यांचाही फार उपयोग नसतो. समोरच्याची पाठ आपल्याबरोबरच हलते.

घरी करून पाहा. ओट्याजवळ अनवाणी, पाय जुळवून उभे राहा आणि ३० सेकंद डोळे मिटा. घोटे सतत बारीक थरथरताना जाणवतील, तळपायावरचा दाब कधी टाचेकडे, कधी चवड्याकडे सरकेल. ही हालचाल नेहमीचीच असते, डोळे मिटल्यावर ती वाढते इतकंच. प्रयोगशाळेत डोळे मिटलेल्या माणसाच्या अकिलीस कंडरेला कंपन दिलं, तर स्पिंडलला पोटरी ताणल्याचा भास होतो आणि माणूस मागे कलतो.

मधुमेहात तळपायाच्या आणि पोटरीच्या चेता मंदावल्या, तर हे निरोप उशिरा किंवा अर्धवट पोचतात. दिवसा डोळे ती कसर भरून काढतात, म्हणून बराच काळ काही लक्षात येत नाही. मग तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघरात तोल जातो. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ही तक्रार सोडून देऊ नका, डॉक्टरांना नेमकी अशीच सांगा. ते १२८ हर्ट्झचा नादकाटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन जाणवतं का, ते विचारतील.