बारीक बाळ, शाबूत चरबी: पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासाची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजने वह्यांत टिपून ठेवत होत्या, तेव्हा या नोंदी कधी संशोधनाला उपयोगी पडतील असे कोणाच्या मनातही नव्हते. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे वैद्यक संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये याच वह्यांच्या आधारे दाखवले की, जन्मतः हलक्या असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने अधिक मृत्यू झाले. १९९२ मध्ये निक हेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेहाचा उलगडाही तसाच मांडला: पोटात उपासमार झालेला गर्भ मेंदू वाचवण्यासाठी स्वादुपिंड आणि स्नायूंच्या वाढीत काटकसर करतो, आणि मोठेपणी अन्न मुबलक झाले की हीच काटकसर अंगलट येते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भात असलेल्यांच्या रक्तातील साखरेनेही पुढे हेच सुचवले.

मात्र नेदरलँड्समधील ती उपासमार काही महिन्यांची होती, तर आपल्याकडची कमतरता पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत सुरू केलेला अभ्यास मला या इतिहासातला खरा वळणबिंदू वाटतो. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत, त्यामुळे गर्भधारणा लवकर कळे. आणि बाळ जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून चरबीची जाडी मोजली जाई. आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. बाळे साधारण २.७ किलोची, म्हणजे साउदम्प्टनच्या बाळांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली. पोट आणि दंड बारीक होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत होती. दिसायला कृश, आतून मेदाळ असा हा भारतीय देह पाळण्यातच घडलेला असतो, हे त्यातून पुढे आले.

या अभ्यासाने आहाराचा प्रश्नही बदलला. एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले, याचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. २००८ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली: ज्या आयांच्या रक्तात फोलेट (पालेभाज्यांतून मिळणारे एक ब जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा अवरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे, सर्वाधिक होता. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही आणि अंगावरच्या दुधातील त्याचे प्रमाण आईच्या साठ्यावर अवलंबून असते. बाळंतिणीच्या खुराकातले डिंकाचे लाडू या बाबतीत फारसे कामाचे नाहीत; अळिवाच्या खिरीत निदान दूध तरी असते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात याच धाग्याची परीक्षा झाली. एका गटातील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांच्या वजनात एकंदरीत ठळक फरक पडला नाही, पण गर्भारपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्क्यांवर राहिला. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या आयांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. सर्वांत कृश आयांच्या बाळांत मात्र ही वाढ दिसली नाही.