'पूरसहनशील' भात: नेमका कोणत्या पुराचा?

शिवारात पाणी चढले म्हणून भाताचे रोप लगेच मरत नाही. पाणी नितळ असेल तर वाकून पाहावे, बुडालेली पाने चांदीसारखी चमकताना दिसतात. पानाला चिकटून राहिलेला तो हवेचा पातळ थर असतो, आणि तो आहे तोवर श्वास कसाबसा चालतो. काही दिवसांत तो विरतो. वायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १०,००० पट संथ पसरतात, त्यामुळे रोपाने स्वतःच तयार केलेले इथिलिन आत कोंडते. आपण बुडालो, ही वर्दी रोपाला त्यातूनच मिळते.

बहुतेक जाती ती मिळताच साठवणीतले पिष्ट खर्चून वर धावतात. बंगाल, थायलंडच्या खोलगट भागांतल्या खोल पाण्याच्या भाताला ही धाव पेलते; त्याची वाढ दिवसाला २०-२५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यामागची 'स्नॉर्केल' जनुके २००९ मध्ये ओळखली गेली. बुटक्या सुधारित जाती मात्र धावून दमतात. पाणी ओसरले की त्यांची फिकट, लांबुडकी पाने चिखलात लोळतात.

ओडिशातली धळापुटिया ही जुनी गावठी जात याच्या उलट वागते. ती धावतच नाही. वाढ रोखून, साठा राखून ती सुमारे दोन आठवडे पाण्याखाली काढते. तिच्यातून निवडलेले वाण 'एफआर १३ ए' या नावाने प्रयोगकेंद्रांत गेले ('एफआर' म्हणजे 'फ्लड रेझिस्टंट'). १९७०-८०च्या दशकांत त्याचे संकर झाले, पण सहनशीलतेबरोबर कमी उतारा आणि बेचव भातही पदरात येई. शेतकऱ्यांनी असली वाणे घेतली नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे वाटत नाही.

१९९६ मध्ये या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली, २००६ मध्ये 'सब१ए' हे जनुक हाती आले. इथिलिनची वर्दी पोचूनही धावायचे नाही, हा लगाम त्याचा. मग पूर्व भारतात घरोघरी पेरल्या जाणाऱ्या 'स्वर्णा'त ते आणले गेले, तेही साध्या संकरानेच. पिढ्यान्‌पिढ्या रोपे निवडताना डीएनएच्या खुणा तपासल्या, एवढेच. त्याला जनुकीय सुधारित बियाणे म्हणणे चूक आहे. २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' भारतात प्रसारित झाले. गंमत अशी की मूळ स्वर्णाचा सोनेरी तूस नव्या वाणात राहिला नाही. सब१एच्या शेजारच्या जनुकाने तो पेंढ्याच्या रंगाचा केला.

खरा घोळ पुढे झाला, तो नावाचा. 'पूरसहनशील' हा शब्द बियाण्याच्या पिशवीवर छापायला सोपा, पण पूर एकाच प्रकारचा नसतो. पाणी एकदम चढून आठ-दहा दिवसांत उतरले, तर सब१ कामी येते. हाच पूर पेरणीनंतर लगेच आला, तर बी रुजत नाही. तिथे सब१चा उपयोग नाही, ते काम वेगळ्याच जनुकांचे. फुलोऱ्यात पाणी आले तरी हा लगाम वाचवत नाही. आणि गुडघाभर पाणी महिनाभर तुंबून राहिले, तर वाढ रोखून धरणारे रोप उलट मागे पडते, कारण तिथे थोडी उंची हवीच असते. ज्याच्या खाचरात पाणी तुंबते, त्याने शब्दावर विश्वास ठेवून हे बियाणे घेतले तर दोष त्याचा कसा? 'अल्पकाळ बुडणे सोसणारे' हे वर्णन लांबलचक खरे, पण प्रामाणिक. प्रसिद्धीच्या घाईत ते मागे पडले आणि पाणबुड्याचे 'स्कूबा तांदूळ' हे टोपणनाव सगळीकडे पसरले. धळापुटियाचे नाव त्या मानाने क्वचितच ऐकू आले.

ओडिशातल्या शेतांवरच्या चाचण्यांत मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुराचा धोका असणारी सखल जमीन मोठ्या प्रमाणावर अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे आहे, त्यामुळे या वाणाचा लाभ त्यांना तुलनेने अधिक होण्याजोगा आहे. बियाणे आधी त्यांच्या हाती पडते की उंचवट्यावरच्या शेतकऱ्याच्या, हे मात्र वाटपाच्या याद्यांवर ठरते.

रुजवणीतल्या बुडण्यावर काम नंतर सुरू झाले. म्यानमारच्या एका जातीतून घेतलेले तसे एक जनुक २०१५ मध्ये ओळखले गेले. पेरणीच्या दिवसांतला पूर आणि लावणीनंतरचा पूर, दोन्ही एकाच वाणाने सोसावेत म्हणून ही दोन जनुके एकत्र आणण्याचे प्रयत्न आता होत आहेत.