उंच केलेल्या ट्रकमध्ये पिनियनचा कोन: पाचर ठोकण्याआधी वाचा

"किट बसवून गाडी उंच केली आणि आता ठरावीक वेगाला खालून थरथर येते. क्रॉस बदलले, चाकं बॅलन्स करून आणली, तरी जात नाही." ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मागच्या पाट्यांखाली (स्प्रिंगांखाली) आम्हाला आधीच ठोकलेल्या पाचरी, म्हणजे एका बाजूला जाड असलेल्या पट्ट्या, सापडतात. म्हणून हे पत्रक.

गाडी उंच झाली की गिअरबॉक्स चॅसीबरोबर वर जातो, मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचं आवरण, मात्र होतं तिथेच राहतं. त्यामुळे या दोघांना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, जास्त तिरपा होतो. खाली वाकून पाहिलं की पिनियनकडचा (हौसिंगमध्ये शाफ्टची ताकद घेणाऱ्या दातेरी चाकाकडचा) क्रॉस, म्हणजे वाकून फिरणारा सांधा, मुडपलेला दिसतो आणि साहजिकच वाटतं, पिनियनचं तोंड वर करून शाफ्टच्या रेषेत आणावं. पाचरीची जाड बाजू मागे ठेवली की तोंड वर होतं. तासाभराचं काम. आणि साध्या शाफ्टला, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या शाफ्टला, नेमकं हेच करायचं नसतं.

कोनात फिरणारा क्रॉस वेग एकसारखा पुढे देत नाही. गिअरबॉक्स एका लयीत फिरत असला तरी शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनाला हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही बराच खाली असतो, १० अंशांना दीड टक्क्यावर जातो आणि २० अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा चढउतार उलट फिरवून मिटवतो आणि पिनियनला पुन्हा सरळ वेग मिळतो. त्यासाठी गिअरबॉक्सची बाहेर येणारी रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एका ओळीत.

आकड्यांत बघा. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता आहे आणि शाफ्ट ७ अंश. पुढच्या क्रॉसचा कोन झाला ४. पिनियनची रेषाही ३ अंशांवर ठेवली तर मागचा कोनही ४, हिशेब जुळला. पाचर टाकून पिनियन ६ अंशांवर नेलं तर मागे उरला १, पुढे ४ तसाच. मागचा क्रॉस दिसायला सुंदर दिसतो, पण पुढचा चढउतार मिटवायला तिकडे कुणी राहिलेलं नसतं. दोन कोनांत एक अंशापर्यंतचा फरक चालतो. त्यापलीकडे वेग वाढेल तशी थरथर वाढतेच.

पिनियन शाफ्टकडे रोखून ठेवायचं ते फक्त गिअरबॉक्सच्या टोकाला डबल जॉइंट असलेल्या शाफ्टला. तिथे दोन क्रॉस आपसातच हिशेब मिटवतात. मागचा कोन शून्याजवळ चालतो, पण अगदी शून्य नको. क्रॉसच्या टोपीतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) थोड्या तरी फिरल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी बसून खाचा पाडतात. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर सुया कोरड्या पडल्यात असं समजा.

पाट्यांच्या गाडीला आम्ही पिनियन हिशेबापेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतो. जोर दिल्यावर पाटे पिळतात आणि पिनियन वर उचललं जातं, त्याची ही सोय. पुढच्या हौसिंगला मात्र पाचरीचा विचार सोडा. तिथे पिनियन वर केलं की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटायला लागतं.

"मोजायला एवढा वेळ का लागतो?" असंही विचारलं जातं. गाडी लिफ्टवर टांगून घेतलेलं माप फुकट असतं, कारण हौसिंग लोंबकळलं की सगळे कोन बदलतात. आम्ही गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करतो, नेहमीचं वजन आत असताना पुढे-मागे ढकलून पाटे बसू देतो, मग तिन्ही रेषा दोनदा मोजतो. शाफ्ट काढण्याआधी त्याच्या आत-बाहेर सरकणाऱ्या स्लिप जोडावर रंगाची खूण करतो. हा जोड चुकीच्या दात्यावर बसला तर योक ओळीतून जातात आणि कोन कितीही अचूक असले तरी थरथर राहते. असा शाफ्ट आमच्याकडे आलाय. मालकांनी त्यापायी दोनदा क्रॉस बदलले होते आणि आम्ही फक्त जोड काढून फिरवून बसवला.

म्हणूनच "फक्त पाचर टाकून द्या" हे काम आम्ही न मोजता घेत नाही. पाचरीऐवजी कधी हौसिंगवर पाट्यांची बैठक नव्याने वेल्ड करावी लागते, कधी डबल जॉइंटचा शाफ्ट बनवावा लागतो. तो आम्ही गाडीच्या मापाने बनवून, बॅलन्स करून देतो. यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवेच टाकतो. आधीचे आणि नंतरचे कोन लिहिलेला कागद गाडीबरोबर मिळतो, तो जपून ठेवा.

येताना गाडीत रोजचं सामान राहू द्या, टायरची हवा तपासून या, आणि थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, जोर दिल्यावर वाढते की पाय काढल्यावर, हे लिहून आणा. किट नवं असेल तर पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा या. पाटे तोवर बसलेले असतात. यू-बोल्ट परत आवळून कोन पुन्हा तपासायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.