‘पेटंट’ औषध: शिक्का सरकारी, गुपित विक्रेत्याचे

आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात आजही विचारतात, “शास्त्रोक्त देऊ की पेटंट?” शास्त्रोक्त म्हणजे ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलेले सितोपलादी किंवा द्राक्षासव. पेटंट म्हणजे कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेले. त्या दुसऱ्या बाटलीसाठी कुणी खरोखर पेटंट घेतलेले असतेच असे नाही, बहुधा नसतेच. हा शब्द व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडातून आपल्याकडे आला आणि तिथेही तो बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत खोटाच होता. त्याच्या आडोशाने पाव शतक अफू वाण्याच्या दुकानात उघड विकली गेली, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

पेटंट घ्यायचे तर कृती सरकारदरबारी लिहून द्यावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते. अठराव्या शतकात काही विक्रेत्यांनी ही वाट धरली होती. स्टॉटनच्या अर्काला १७१२ मध्ये राजाज्ञेने मक्ता मिळाला होता. पण खरा पैसा कृती लपवण्यात आहे, हे पुढच्या पिढ्यांना लवकर कळले. त्यांनी पेटंट सोडले, शब्द मात्र ठेवला. नाव, वेष्टन आणि जाहिरात आपली, आत काय आहे ते कुणाला सांगायचे नाही.

या गुपिताला सरकारी शिक्का मिळाला तो कराच्या निमित्ताने. १७८३ मध्ये अशा औषधांवर स्टॅम्प ड्युटी बसली आणि १८१२ च्या कायद्याने तिचे दर ठरले. एक शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत तीन पेन्स (शिलिंगचे बारा पेन्स). म्हणून जुन्या जाहिरातींत १ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेन्स असे चमत्कारिक भाव दिसतात. कराची कागदी पट्टी वेष्टनावर अशी डकवायची की डबी किंवा बाटली उघडताना ती फाटावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ती पट्टी ओळखता यायची. सरकारने तपासून पाठवलेला माल, असाच त्याचा अर्थ ती लावणार. सरकार कसलीही हमी देत नाही, असे पुढे त्या पट्टीवरच छापावे लागले, यावरून हा गैरसमज किती पसरला होता ते कळते.

आता १८६८ च्या फार्मसी कायद्याकडे. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळा गुंता इथला आहे. या कायद्याने विषांची यादी केली, त्यांच्या बाटल्यांवर ‘विष’ असे लिहिणे सक्तीचे केले आणि ती विकण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधविक्रेत्यांना दिला. अफूही त्यात आली. पण सोळाव्या कलमात चार शब्दांची सवलत घालून ठेवली: ‘पेटंट औषधांना’ हे लागू नाही. पेटंट औषध म्हणजे काय, याची व्याख्याच केली नाही. बाजाराने आपल्या सोयीचा अर्थ लावला. ज्यावर कराची पट्टी, ते पेटंट.

त्याचा परिणाम घराघरांत दिसला. ‘गॉडफ्रेज् कॉर्डियल’ हे अफूचे गोड पाणी लँकेशायरच्या गिरणीकामगार बायका तान्ह्या मुलांना पाजत. आई बारा तास मागावर, मूल शेजारणीकडे, आणि ते झोपून राहिलेच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतल्या आयाही पुढे याच कारणाने ‘बाळगोळी’ देत आणि तिच्यातही अफूच असे. त्या आयांना निर्दय म्हणणारे लिखाण भरपूर सापडते. मला ते अन्यायाचे वाटते. बाटलीवर विष लिहिलेले असते आणि तरी त्यांनी पाजले असते, तर गोष्ट वेगळी होती.

या सवलतीतले सर्वांत मोठे नाव होते क्लोरोडाइन. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतल्या एका डॉक्टरने १८४८ मध्ये ते पटकीवर तयार केले आणि १८५६ पासून लंडनचा एक औषधविक्रेता ते विकू लागला. आत मॉर्फीन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. जुलाब थांबत, खोकला बसे, झोप लागे. गुण येत होता हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि सवयही लागत होती. एका प्रतिस्पर्ध्याने तोच शोध आपला म्हणून सांगितला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १८६४ मध्ये न्यायाधीशांनी त्याची सगळी हकिकत जाणूनबुजून खोटी असल्याचे म्हटले. ते वाक्य नंतर कित्येक वर्षे जाहिरातीत छापले जात होते. कोर्टाने खरे ठरवलेले औषध! बाटलीत मॉर्फीन आहे, हे मात्र त्या जाहिरातीत नव्हते.

शेवटी औषधविक्रेत्यांच्या संस्थेने सवलतीच्या अर्थावरच बोट ठेवले आणि १८९३ मध्ये क्लोरोडाइनच्याच खटल्यात निकाल लागला. क्लोरोडाइन विकणाऱ्या दुकानदारांची बाजू अशी की, सारे जग या औषधांना पेटंट म्हणते, कर घेणारे सरकारही म्हणते, तर कायद्यातला अर्थ वेगळा कसा? कोर्टाने ते मानले नाही. ज्याला खरोखर राजाज्ञेने पेटंट मिळाले आहे तेच पेटंट औषध, बाकीच्यांना सवलत नाही. एका दिवसात बाजारातली जवळजवळ सगळी ‘पेटंट’ औषधे कायद्याच्या दृष्टीने पेटंट राहिली नाहीत.

या निकालावर तेव्हाही वाद होता, आजही आहे. औषधविक्रेत्यांनी रुग्णांसाठी नव्हे, वाण्यांचा धंदा आपल्याकडे ओढण्यासाठी खटला लढवला, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. हीच मंडळी ही औषधे स्वतः वर्षानुवर्षे विकत होती. पंचवीस वर्षे रूढ असलेला अर्थ कोर्टाने मोडणे योग्य का, हाही प्रश्न रास्त आहे. तरीही माझे मत निकालाच्या बाजूचे आहे. पेटंट घेतलेल्याची कृती निदान कागदोपत्री उघड असते, सवलत द्यायची तर त्यालाच. ज्याने काहीच सांगितले नाही त्याला विष विकण्याची मोकळीक कशासाठी? निकालाची मर्यादाही खरी होती. यादीतले विष आत असेल तरच तो लागू. नुसत्या कोरफडीच्या गोळ्या पूर्वीसारख्याच गुपचूप विकता येत होत्या.

टपालाने सल्ला देण्याचा धंदा याच काळात फोफावला. १८४० पासून एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागले होते आणि ज्या तक्रारी गावच्या डॉक्टरला, त्यातही पुरुष डॉक्टरला, तोंडाने सांगता येत नव्हत्या त्या कागदावर सांगता येत होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी १८७५ पासून बायकांच्या दुखण्यांवरचा एक ‘वनस्पतींचा काढा’ विकला जात होता. त्यात १८ ते २० टक्के मद्यार्क होता. बाटलीवर एका प्रेमळ चेहऱ्याच्या बाईंचे चित्र आणि निरोप: मला लिहा, तुमचे पत्र पुरुष वाचणार नाही. बाई १८८३ मध्ये वारल्या, पण पत्रांना त्यांच्याच नावाने उत्तरे जात राहिली. १९०५ मध्ये एका मासिकाने त्यांच्या थडग्यावरच्या दगडाचा फोटो छापला, तेव्हा वाचकांना कळले. आलेली पत्रेही पेटीत बंद राहत नव्हती. रोगानुसार गठ्ठे बांधून दलाल ती दुसऱ्या औषधवाल्यांना विकत, भाड्यानेही देत.

याहून वाईट १८९८ मध्ये लंडनमध्ये घडले. तीन भाऊ बायकांच्या ‘अडलेल्या पाळी’वर गोळ्या विकत. त्या शब्दामागे नको असलेला गर्भ असतो हे विकणारा आणि घेणारी दोघेही जाणत. पुरेशी नावे आणि पत्ते जमल्यावर या भावांनी खोट्या अधिकाऱ्याच्या नावाने हजारो गिऱ्हाइकांना पत्रे धाडली: तुमच्या गुन्ह्याचा पुरावा आमच्याकडे आहे, दोन पौंड दोन शिलिंग पाठवा, नाहीतर खटला. कित्येकींनी पैसे पाठवले. भाऊ पकडले गेले आणि शिक्षा झाल्या. त्या बायका पोलिसांकडे कोणत्या तोंडाने जाणार होत्या, हा विचार मला सुटत नाही.

आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे टपाल आले आणि १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू झाली. पैसे आधी धाडायला नकोत, पोस्टमनकडून पार्सल सोडवून घ्यायचे. आडगावच्या गिऱ्हाइकाला याहून सोपे काय? ‘पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल’ हे वाक्य मराठी जाहिरातींत पुढे इतके रुळले की त्यापुढे कसल्या रोगाचे औषध असणार हे सांगावे लागत नसे.

गुपित फुटू लागले ते विसाव्या शतकात. अमेरिकेने १९०६ मध्ये मद्यार्क, अफू, मॉर्फीन, गांजा यांचे प्रमाण लेबलवर लिहायला लावले. इंग्लंडात डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये नामांकित औषधांचे पृथक्करण करून ते छापले. ‘एका गिनीच्या (एकवीस शिलिंगांच्या) मोलाची डबी’ म्हणून गाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत निघाले काय? मुक्या मारावर आपण उगाळून लावतो तो काळा बोळ, सुंठ आणि साबण. डबीत ५६ गोळ्या, किंमत १ शिलिंग दीड पेनी, आतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. १९१२ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ ला आला, त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरला आणि अहवाल बाजूला पडला. घटक जाहीर करण्याची सक्ती आणि स्टॅम्प ड्युटीची अखेर, दोन्ही झाली ती १९४१ मध्ये.

भारतात १९५४ च्या कायद्याने ठरावीक रोगांवरील औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींना बंदी घातली. एका मोठ्या युनानी दवाखान्याने ती आव्हानित केली. अशा मालाची जाहिरात हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले. कायद्यातली काही कलमे मात्र रद्द केली. ‘पेटंट’ शब्द तेवढा सुटला नाही. १९४० च्या औषध कायद्यात ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध’ अशी संज्ञा आहे आणि १९८२ च्या दुरुस्तीने ती आयुर्वेदालाही लागू झाली. घटक परिशिष्टात दिलेल्या ग्रंथांमधल्या पाठांतले हवेत, पण तयार औषध ग्रंथात सांगितलेले नको. पेटंट कार्यालयाचा दाखला त्यासाठी लागत नाही.