हृदयस्नायुपेशींचे ऑक्सिडेटिव्ह ताणापासून संरक्षण

ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे हृदयस्नायूच्या पेशींना होणारी इजा टाळणे किंवा कमी करणे. असे रेणू प्रत्येक जिवंत पेशीत सतत तयार होतात आणि पेशी त्यांचा निचराही करत असते. निर्मिती निचऱ्यावर मात करू लागली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

हृदयाला हा ताण फार महागात पडतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या या स्नायूच्या पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, जवळपास एक-तृतीयांश जागा व्यापतात आणि हे रेणू मुख्यतः तिथेच निर्माण होतात. शिवाय मेलेली पेशी सहसा भरून निघत नाही. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४चा पेशींतील माग काढून २००९ साली संशोधकांनी दाखवले, की पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का हृदयस्नायुपेशी नव्या होतात; पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते.

पेशीचा स्वतःचा बंदोबस्त मात्र चोख असतो. सुपरऑक्साइड या पहिल्या रेणूचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. पुढे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि कॅटालेज पेरॉक्साइडचे पाणी करतात. ही साखळी तुटली आणि पेरॉक्साइडची मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. तो समोर येईल त्या मेदावर, प्रथिनावर, डीएनएवर तुटून पडतो. तंतुकणिकांमधील डिसम्युटेजचे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर थोड्याच दिवसांत फुगलेल्या, दुबळ्या हृदयाने मरतात. माणसांतील ठळक उदाहरण चीनमधील केशान रोगाचे. तिथल्या काही भागांतील मातीत सेलेनियम अत्यल्प होते आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियमवाचून काम करता येत नाही. मुले आणि तरुण स्त्रिया हृदयस्नायूच्या या विकाराला बळी पडत. सेलेनियमच्या गोळ्या देऊ लागल्यावर तो झपाट्याने ओसरला.

सर्वांत कठीण प्रसंग हृदयविकाराच्या झटक्याचा. बंद रोहिणी फुग्याने (अँजिओप्लास्टी करून) उघडली, की उपाशी स्नायूला रक्त मिळते; रक्त परत आल्याखेरीज स्नायू वाचवण्याचा दुसरा मार्गही नाही. पण त्याच पहिल्या काही मिनिटांत ऑक्सिडेटिव्ह ताणाचा लोंढा येतो. रक्त थांबलेले असताना तंतुकणिकांत सक्सिनेट हे ऊर्जानिर्मितीतले रसायन साचते. ऑक्सिजन परतताच ते भराभर जळते, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने ढकलले जातात आणि सुपरऑक्साइड उसळते. त्यातच पेशीत कॅल्शियम भरते, तंतुकणिकांच्या आवरणातील एक छिद्र उघडते आणि पेशी मरते. या मिनिटांना हृदय कसे तयार करता येईल, याचे सूत्र १९८६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगात सापडले. रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा आवळून सोडली आणि मग ४० मिनिटे बंद ठेवली, तर मृत स्नायूचे प्रमाण तुलनेच्या गटातल्या कुत्र्यांच्या एक-चतुर्थांशावर आले. हाच परिणाम रुग्णांत साधण्यासाठी दंडाला पट्टा आवळून सोडण्याची पद्धत आजमावली गेली, पण ५,००० हून अधिक रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. तंतुकणिकांचे ते छिद्र बंद ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे औषधही २०१५ मध्ये मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले.

हे अतिक्रियाशील रेणू शमवणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी हृदय सुरक्षित राहते, हा समज अजूनही पक्का आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० एकके ई-जीवनसत्त्व देणाऱ्या होप चाचणीचा निष्कर्ष २००० साली आला: फायदा नाही. तिच्या पुढच्या टप्प्यात, २००५ मध्ये, गोळी घेणाऱ्यांत हृदयनिष्क्रियता (हार्ट फेल्युअर) उलट थोडी जास्त आढळली. कारणे विचार करण्याजोगी आहेत. गोळीतले द्रव्य तंतुकणिकेत पुरेसे पोहोचतेच असे नाही. शिवाय ऑक्सिजनपासूनचे हे अतिक्रियाशील रेणूच अल्प प्रमाणात संदेशवाहक असतात. ते थोडे वाढले, की कीप-१ या प्रथिनाची एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनावरची पकड सुटते आणि एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन संरक्षक एन्झाइमांची जनुके सुरू करते. नियमित व्यायामाने हृदयाची सहनशक्ती वाढते, ती काही अंशी याच वाटेने.

प्रयोगशाळेतील यशाकडेही याच नजरेने पाहावे. नवजात उंदराच्या हृदयपेशी काचेच्या ताटलीत आपोआप धडधडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की ठोके अनियमित होतात, मग थांबतात. पेशी आखडून गोल होतात आणि तळापासून सुटून तरंगतात. एखाद्या वनस्पतीच्या अर्काने त्या वाचल्या, असे सांगणाऱ्या बहुतेक प्रयोगांत अर्क कित्येक तास आधी दिलेला असतो. झटका मात्र सांगून येत नाही.

इजेची वेळ आधीच ठाऊक असते ती कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत. हे औषध हृदयस्नायूला बाधते. त्याच्या आधी शिरेतून दिलेले डेक्सरॅझोक्सेन ही बाधा कमी करते, आणि या क्षेत्रात रुग्णांपर्यंत पोहोचलेल्या थोड्या औषधांपैकी ते एक आहे. ते मोकळे लोह बांधून ठेवते, म्हणून हायड्रॉक्सिल मूलक तयार होत नाही, असे स्पष्टीकरण बराच काळ दिले जाई. २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की हृदयपेशीतून टॉपोआयसोमरेज-२ बीटा हे डीएनएचे पीळ सोडवणारे एन्झाइम काढून टाकले, तरी ही बाधा टळते. डेक्सरॅझोक्सेन या एन्झाइमलाही रोखते; म्हणजे त्याचे संरक्षण लोह बांधल्यामुळेच मिळते, असे नाही.