तिशीतही पाळी जाऊ शकते

‘पाळी जायचं वय पंचेचाळीसच्या पुढचं, तिशीत असं काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस.’ हे वाक्य इतक्या जणींनी ऐकलंय की लक्षणं दिसूनही त्या वर्षानुवर्षं गप्प बसतात. ते चूक आहे. साधारण शंभरातल्या एकीची बीजांडकोशं चाळिशीच्या आतच मंदावतात. रात्री अचानक मानेपासून वर वाफ चढते, उशी घामाने भिजते, झोप मोडते. पाळी दोन-तीन महिने येतच नाही. हे मनाचे खेळ नव्हेत.

पाळी तीन-चार महिने चुकली तर आधी गर्भधारणेची चाचणी, मग रक्तातलं थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) आणि एफएसएच (बीजांडकोशांना चालना देणारं हार्मोन) तपासायचं. शंका राहिली तर एफएसएच चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. बीजांडकोश लवकर का मंदावले, हे बहुतेकदा कळत नाही. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, आनुवंशिकता ही काही माहीत असलेली कारणं.

दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खुपतं ते हाडांसाठी. बीजांडकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन लवकर घटलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून डॉक्टर बहुधा पन्नाशीपर्यंत हार्मोन्स देतात. आणि हो, मूल नको असेल तर गर्भनिरोधक सोडू नका: बीजांडकोश अधूनमधून जागे होतात, काहींना दिवसही जातात.