बोटुकलीच्या अंगी काय लागतं?

बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या लहान माशांना, भरपूर प्रथिनं द्या, ते झपाट्याने वाढतील, असा सल्ला मत्स्यपालकांना हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. खाल्लेली प्रथिनं अंगी लागतात की नुसतीच जळून जातात, हे त्या खाद्यात ऊर्जा किती आहे यावरही ठरतं.

बहुतेक मासे शीत रक्ताचे. शरीर ऊबदार ठेवायचा खर्च त्यांना नाही आणि वजन तोलून धरायला पाणी आहेच. शिवाय प्रथिनं जळताना तयार होणारा अमोनिया ते कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडून देतात. आपल्याला त्याचा युरिया करावा लागतो, कोंबडीला युरिक आम्ल, आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. म्हणून कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात साधारण २० ते २३ टक्के प्रथिनं पुरतात, तर कार्प किंवा तिलापियाच्या बोटुकल्यांना ३० ते ४० टक्के लागतात. मासा प्रथिनांचा अधाशी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याची ऊर्जेची गरजच कमी, त्यामुळे प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो.

पण अमोनिया इतक्या सहज बाहेर टाकता येतो, म्हणूनच मासा प्रथिनांचं सरपण करायला जराही कचरत नाही. पोहणं, श्वास घेणं, शरीरातल्या क्षारांचा समतोल राखणं ही कामं रोजची, ती थांबत नाहीत. खाद्यात तेल आणि पिष्ट कमी पडलं की त्यांच्यासाठी प्रथिनं जळतात आणि वाढ मागे राहते. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम प्रथिनं जळाली तर जवळपास १६ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो, बहुतांशी अमोनियाच्या रूपात. तो साठला की कल्ल्यांना इजा होते, भूक मंदावते. खाद्यातला सगळ्यात महाग घटक असा त्याच माशांच्या जिवावर उठतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय स्निग्धांशाचा. एक ग्रॅम तेलात सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते, प्रथिनांत सुमारे २४. तेल जळलं की तेवढी प्रथिनं मांस घडवायला मोकळी राहतात. पिष्टाचं तसं सरसकट नाही. कार्प, तिलापिया ते बरंच वापरतात, पण ट्राउटसारख्या मांसाहारी माशाच्या रक्तातली साखर ते खाल्ल्यावर कित्येक तास चढलेली राहते.

मग तेल वाढवतच जावं का? नाही. अनेक जातींच्या बोटुकल्यांना एक मेगाज्यूल पचणाऱ्या ऊर्जेमागे साधारण २० ते २५ ग्रॅम पचणारी प्रथिनं मानवतात. किलोभर खाद्यात अशी ३२० ग्रॅम प्रथिनं आणि १४ मेगाज्यूल ऊर्जा असेल तर प्रमाण २३ पडतं. प्रथिनं तेवढीच ठेवून ऊर्जा १७ वर नेली, की ते १९ च्या खाली येतं. ऊर्जेची गरज भागली की मासा बऱ्याचदा खाणं आवरतं घेतो आणि पुरेशी प्रथिनं पोटात जातच नाहीत. मासा जितका लहान, तितकं हे प्रमाण वरचं हवं.

प्रथिनंही नुसती मोजून भागत नाही. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्या अमिनो आम्लांपैकी दहा माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात. वनस्पतिजन्य खाद्यात बहुधा लायसीन किंवा मेथिओनीन तोकडं पडतं. एक जरी कमी पडलं तरी मांस घडणं तिथेच अडतं, आणि उरलेली आम्लं ऊर्जा भरपूर असूनही जळतात.

ऊर्जा जास्त झाली आहे का, हे तराजूवर कळत नाही, कारण चरबीचंही वजन भरतंच. नमुन्याचा एखादा मासा चिरून पाहावा. आतड्यांभोवती पांढरी चरबी दाटलेली दिसली, तर वाढलेलं वजन सगळं मांसाचं नाही.